कुर्डी: वर्षातनं एकदा वर येणारं गाव

मे महिना आला की गोव्यातल्या कुर्डीचे ड्रोनवाले व्हिडिओ फिरायला लागतात, "पाण्याखालचं गूढ गाव" वगैरे. गूढ काही नाहीये हो, चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे माणसं भात लावत होती.

सांगे तालुक्यातलं हे गाव, साधारण तीन हजार वस्ती, नारळ, काजू, फणस, आंबा, आणि देऊळ, चॅपल, दर्गा सगळंच एका गावात. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि लोकांना सांगितलं की साळावली नदीवर धरण होणार, तुमचं गाव जाणार पण अख्ख्या दक्षिण गोव्याला पाणी मिळणार. लोकांनी ऐकलं, ऐकणार नाहीत तर काय करणार! मग सहाशेच्या वर कुटुंबं हळूहळू वाडे आणि वालकिणी या गावांना हलली, जमीन आणि भरपाई मिळाली, आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं. आता यातली गंमत म्हणा नाहीतर थट्टा, ज्या पाण्यासाठी घरं सोडली ते धरणाचं पाणी प्यायला आपल्यापर्यंत पोचलंच नाही, ऐन उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि टँकरची वाट बघावी लागते, असं वाडे गावातल्या लोकांनी पुढे बोलून दाखवलं.

देवाची सोय मात्र नीट झाली. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने एकेक दगड सुटा करून सतराएक किलोमीटरवर, धरणाजवळ नेऊन परत उभं केलं, त्याला म्हणे अकरा वर्षं लागली. जांभ्या दगडातली माणसापेक्षा उंच मातृदेवता होती ती वेर्ण्याला नेली. सोमेश्वराचं देऊळ तेवढं तिथेच राहिलं, पाण्यात.

आपल्याकडे गावाचं नाव टिकलं ते मात्र या कशामुळेच नाही, गाण्यामुळे. गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, जन्म १९०४ चा. आईने लहानपणीच नाटक कंपनीत घातलं, पुढे सांगलीत जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि शिकवायला घेतलं, त्यांची मुलगी म्हणजे किशोरीताई आमोणकर. म्हणजे जयपूर घराण्याचं नाव घेणारे कित्येकजण "कुर्डीकर" म्हणतात पण ही कुर्डी कुठली ते विचारत नाहीत, मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की आधी झाडांचे बुंधे दिसतात, मग रस्त्याचे तुकडे, जोती, विहिरींचे कठडे. तेव्हा सोमेश्वराचा उत्सव होतो, चॅपलचं फेस्त, म्हणजे तिथला सण, तोही मे महिन्यातच, आणि जुनी माणसं नातवंडांना घेऊन येतात, भेगाळलेल्या चिखलातनं चालत जाऊन एखाद्या जोत्यावर उभी राहतात आणि हाताने दाखवतात, इथे चूल होती, तिकडे गोठा. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी परत चढायला लागतं.