हौदातला ‘विषारी किडा’

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. प्लास्टिकच्या मगात मातकट रंगाचा, सहा पायांचा, बटबटीत डोळ्यांचा एक जीव. खाली सूचना: ‘गच्चीवरच्या हौदात सापडला. विषारी आहे. मुलांना लांब ठेवा.’ अर्ध्या तासात ब्लीचिंग पावडर आली आणि हौद धुऊन निघाला. मी संध्याकाळी घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तो कोण होता, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ते चतुराचं पिल्लू होतं. चतुर म्हणजे पोरं ज्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात तोच. त्याच्याकडे विष नाही आणि नांगी तर मोठेपणीही येत नाही. फोटोवरून त्याची नेमकी जात सांगणं धाडसाचं ठरेल, पण त्या हौदाच्या कठड्यावर वर्षभर कोण बसलेलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. त्याचं शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. इंग्रजीत त्याला ‘ग्रॅनाइट घोस्ट’, म्हणजे ग्रॅनाइटचं भूत म्हणतात.

यातलं ‘भूत’ शंभर टक्के पटतं. चार-साडेचार सेंटिमीटरचा हा चतुर काळपट-राखाडी असतो आणि अंगभर फिकट ओरखडे असल्यासारखा दिसतो. बहुतेक चतुर काडीच्या टोकावर दिमाखात बसतात. हा उभ्या भिंतीवर बसतो, चारही पंख पसरून भिंतीला टेकवतो आणि तिथेच विरघळतो. रंग भिंतीसारखा असून भागत नाही, कारण खरी चुगली करते ती सावली. भिंतीपासून बोटभर वर असलेल्या कीटकाची सावली शेजारी पडते आणि पक्ष्याला तेवढं पुरतं. भिंतीला चिकटलं की सावलीच उरत नाही. पंखांच्या टोकांजवळ एकेक छोटी चौकट असते, मधे काळी आणि दोन्ही कडांना पांढुरकी. बहुतेक वेळा मला आधी त्या चार चौकटीच दिसतात, मग त्यांच्या मधोमध चतुर सापडतो.

‘ग्रॅनाइट’ मात्र आपल्याकडे जरा अडचणीचं आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पुण्याच्या चतुराला ग्रॅनाइट भेटायचा तर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच. पण दगड कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खडबडीत करडा पृष्ठभाग आणि जवळ साठलेलं थोडं पाणी एवढंच त्याचं मागणं. मूळचा तो खडकांतल्या डबक्यांवर राहणारा. आपण सिमेंटच्या भिंती, हौद आणि टाक्या बांधत सुटलो, आणि त्याच्या दृष्टीने आपण त्याच्यासाठी खडकच रचत गेलो. गावातली चिमणी कमी झाली म्हणून आपण हळहळतो. हा पाहुणा मात्र गुपचूप वस्तीला आला आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ब्रॅडिनोपायगा ही प्रजाती अगदी छोटी आहे. (शाळेत शिकलेलं आठवत असेल तर, प्रजाती हा वरचा गट आणि तिच्या पोटात जाती.) विल्यम किर्बी यांनी १८९३ साली ती मांडली. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या त्या नावाचा अर्थ ‘बारीक बुडाचा’ असा काहीसा होतो. तिच्यात जेमतेम चार जाती आहेत. आफ्रिकेत दोन: पूर्व आणि दक्षिण भागातली कॉर्नुटा म्हणजे शिंगवाली, आणि पश्चिमेकडची तांबूस स्ट्रॅकनाय. आशियात आपली जेमिनाटा. तिचं वर्णन रॅम्बर यांनी १८४२ सालीच केलं होतं. चौथी जात कोकणातली. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं कोकणेन्सिस. साल २०२०! त्याआधी फ्रेझर या लष्करी डॉक्टरने भारतातल्या चतुरांवर तीन जाडजूड खंड लिहिले, शेवटचा १९३६ मध्ये. तरीही जांभ्या दगडाच्या या मुलखातला हा रहिवासी नावावाचून राहिला. नवी जात शोधायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जावं लागतं, असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भिंतीसारखा दिसणारा प्राणी शोधायचा तर भिंत बघत बसायची चिकाटी लागते.

पण मला खरं बोलायचंय ते मगातल्या त्या पिल्लाबद्दल, आणि त्यातही त्याच्या खालच्या ओठाबद्दल.

चतुराच्या पिल्लाचा, म्हणजे पुस्तकी भाषेत डिंभाचा, खालचा ओठ हा खरं तर घडीचा हात आहे. त्याला दंड आहे, पुढचा हात आहे आणि मधे कोपर आहे. एरवी तो डोक्याखाली घडी होऊन असतो आणि कोपर पुढच्या पायांच्या बेचक्यात मागे वळलेलं असतं. टोकाला दोन झडपा. चतुरांच्या काही कुळांत हा ओठ सपाट असतो आणि त्याच्या टोकाला आकडे असतात. आपल्या ब्रॅडिनोपायगाच्या कुळात तो पळीसारखा खोलगट असतो आणि मिटल्यावर डोळ्यांपर्यंतचा सगळा चेहरा झाकून टाकतो. म्हणून याला ‘मुखवटा’ म्हणतात. समोरून डासाची अळी वळवळत आली की मुखवटा सुटतो, हात सरळ होतो, झडपा उघडतात, मिटतात आणि अळी तोंडात. सगळा कारभार सेकंदाच्या काही शतांश भागात.

एवढा वेग येतो कुठून? बरीच वर्षं उत्तर होतं, पाण्याच्या दाबातून. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबावर पुढे जातो, तसं. आणि हे उत्तर सहज पटण्यासारखं होतं, कारण या पिल्लाकडे दाबाचं यंत्र आहेच. ते गुदद्वारातून पाणी आत ओढतं, आतल्या कप्प्यात कल्ले असतात, त्यांनी श्वास घेतं आणि पाणी बाहेर टाकतं. घाबरलं की पोट आवळून तेच पाणी जोरात मागे सोडतं आणि पुढे उसळतं. चक्क जेट! मग शिकार करताना मागची झडप बंद करायची, पोट आवळायचं, शरीरातल्या द्रवाचा दाब वाढला की ओठ पुढे फेकला जाणार. हिशेब नीट जुळत होता.

जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या सेबास्टियन ब्युसे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली हा हिशेब मोडला. प्रत्यक्ष पिल्लांवर फेरफारांचे प्रयोग करून आणि जुन्या निरीक्षणांचा पुन्हा अर्थ लावून त्यांनी दाखवलं की हा मारा दाबावर चालत नाही. मग कशावर? गलोलीवर. आणि एक नव्हे, दोन.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागेल. स्नायू जोर लावू शकतो, पण तो जोर क्षणात मोकळा करणं त्याला जमत नाही. शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ. जे काम स्नायू दोन सेकंदांत करतो, तेच पन्नासाव्या हिश्श्याच्या सेकंदात करायचं तर शंभरपट शक्ती लागेल, आणि स्नायूकडे ती नसते. आपणही दगड नुसत्या हाताने फेकतो तेव्हा फार लांब जात नाही. गलोलीचं रबर मात्र आपण सावकाश ताणतो, ऊर्जा रबरात जमा होते आणि सोडताना ती एकदम बाहेर पडते. काम तेवढंच, वेळ लहान. पिल्लाच्या ओठाला दोन सांधे असतात, एक डोक्याशी आणि एक कोपराशी. प्रत्येक सांध्यापाशी एक लवचीक भाग असतो. तो स्नायूच ताणतात, पण निवांत, शिकार टप्प्यात येण्याआधी. खटका सुटला की दोन्ही सांधे एकाच वेळी उघडतात.

आता दोन कशाला, एकात भागलं नसतं? मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. एकच सांधा उघडला तर टोक कंपासच्या पेन्सिलीसारखं वर्तुळात फिरेल आणि शिकार तर समोर आहे. स्वतःचा हात घडी करून पाहा. नुसता खांदा हलवला तर बोटं कमानीत फिरतात, नुसतं कोपर हलवलं तरी कमानीतच. खांदा आणि कोपर एका लयीत उघडले तरच बोटं सरळ पुढे जातात. दोन सांध्यांना दोन स्वतंत्र गलोली असल्या की कोणती किती ताणायची यावरून माऱ्याची दिशा ठरवता येते. या तत्त्वावर ब्युसेंच्या गटाने एक यंत्रही बनवून दाखवलं. उड्या मारणाऱ्या कीटकांच्या गलोली आधीपासून माहीत होत्या, पण एका अवयवाला दोन आणि तीही जोडीने सुटणारी, हे प्रकरण वेगळं.

हे सगळं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे चतुर सोडले की डेंग्यू संपला?’ असे फॉरवर्डही फिरत असतात, कधी चतुरांचे, कधी त्यांना ‘बोलावणाऱ्या’ झाडांचे. चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात हे खरंच आहे. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये तर लोकांच्या मदतीने घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत तांबड्या चतुराची (क्रॉकोथेमिस सर्व्हिलिया) पिल्लं सोडली आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना आळा बसला. त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. पण तिथे पिल्लं वाढवून, मोजून, वेळापत्रकाने सोडली होती. आपोआप काही झालं नव्हतं. एडिस डास अंड्यातून निघून आठ-दहा दिवसांत उडतो, तर चतुराच्या पिल्लाला कित्येक आठवडे लागतात. कुंडीखालची थाळी, टायर, कूलर यांत चतुर टिकणारच नाही, तिथे आठवड्याचा कोरडा दिवसच, म्हणजे साठलेलं पाणी ओतून टाकण्याचा दिवस, पाळायला हवा. मोठ्या हौदात तो असला तर असू द्यावा, एवढंच. विषारी म्हणून मारू नये आणि तारणहार म्हणून फॉरवर्डही करू नये.

ब्लीचिंग पावडरच्या महिनाभरानंतर गच्चीवर गेलो तेव्हा एक मादी हौदावर घिरट्या घालत होती. पोटाचं टोक पाण्याला टेकवायचं, उचलायचं, परत टेकवायचं. टेकवलं की अंडी पाण्यात. चकचकणाऱ्या आडव्या पृष्ठभागावरून येणारा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश हीच चतुरांची पाण्याची खूण असते, म्हणून ते कधीकधी गाडीच्या बॉनेटलाही फसतात. हंगेरीत तर चतुर कबरींवरच्या गुळगुळीत काळ्या दगडांना भुलताना दिसले आहेत. ग्रॅनाइटचं भूत गुळगुळीत केलेल्या ग्रॅनाइटला फसतं का, हे कुणीतरी तपासायला हवं.

हौदाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या जरा वर, एक जुनी कात चिकटलेली होती. पिल्लू रात्री पाण्याबाहेर चढतं, पाठीवर उलतं, चतुर बाहेर पडून उडून जातो आणि मागे हे टरफल राहतं. मी ती काढून कोमट पाण्यात भिजत ठेवली. भिजली की ती मऊ पडते. सुईचं टोक ओठाखाली घालून हलकेच ओढलं की घडी उघडते, आधी कोपर, मग दंड. फोटो टाकणाऱ्या काकूंना मी ती बशीतून दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, सुई स्वतःच्या हातात घेतली आणि तो ओठ पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहिला. मग नातवाला हाक मारली.