डेल्फी आणि नॉमिनल ग्रुप: तज्ज्ञांचं एकमत कुठे स्वस्त पडतं?

तज्ज्ञांकडून एक निष्कर्ष काढून घ्यायचा म्हटलं की ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोन्हींत आधी प्रत्येकानं स्वतंत्र विचार करायचा, मग गटाचा कौल मोजायचा, म्हणून गल्लत होते. पण डेल्फीत तज्ज्ञ एकमेकांना भेटत नाहीत, सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा बघत फेरीफेरीनं प्रश्नावल्या भरतात; नॉमिनल ग्रुपमध्ये ते समोरासमोर बसतात. खर्चाचं गणित तिथेच बदलतं.

डेल्फीचा जन्म शीतयुद्धातला, अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतला. अमेरिकेचं युद्धसामग्रीचं उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला किती अणुबॉम्ब लागतील, असं 7 तज्ज्ञांना विचारलं. पहिली उत्तरं 50 पासून 5000 पर्यंत! 5 प्रश्नावल्यांनंतर सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या फक्त सुमारे दुप्पट उरला. डाल्की आणि हेल्मर यांनी हा प्रयोग 1963 मध्ये प्रसिद्ध केला.

डेल्फीत कोण काय म्हणालं ते कळत नाही, त्यामुळे ज्येष्ठांचं दडपण येत नाही आणि मत बदललं तरी कुणाचं नाक कापलं जात नाही. प्रवासखर्चही नाही. म्हणून डेल्फीला सर्रास स्वस्त म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. दर फेरीतले शेरे वाचायचे, सारखे मुद्दे एकत्र करायचे, उत्तरांसाठी पाठपुरावा करायचा, यात समन्वयकाचे महिने जातात. शिवाय वेगळ्या मताची माणसं कंटाळून गळाली, तर उरलेल्यांचं एकमत आपोआपच होतं! अहवाल हातात आला की कोणत्या फेरीत किती जणांनी उत्तर दिलं, ते मी आधी बघतो.

नॉमिनल ग्रुपची पद्धत डेल्बेक आणि व्हॅन डी व्हेन यांची, 1971 ची. पाच ते नऊ जण, साधारण दोन तास. आधी सगळे गप्प बसून लिहितात. मग पाळीपाळीनं एकेक मुद्दा सांगायचा. संचालक तो बोलणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवतो. यादी पुरी होईपर्यंत ‘हे जमणार नाही’ म्हणायची सोय नाही. त्यानंतर खुलासे, आणि शेवटी गुप्तपणे पसंतीक्रम. दबाव शिरतो तो खुलाशांच्या वेळी, तिथे संचालक खमक्या हवा.

माणसं थोडी आणि एका वेळी जमणारी असतील, तर नॉमिनल ग्रुप घ्या. ती विखुरलेली असतील किंवा त्यांच्यात एखादं वजनदार नाव असेल, तर डेल्फी. मात्र किती टक्के सहमतीला एकमत मानायचं, हे पहिली प्रश्नावली धाडण्याआधीच लिहून ठेवा.