दोन काळ्या पेलेट: ऱ्होडेट की इरिडेट?

भाची इंदूरलाच खंडवा रोडवर एम.एस्सी. करते. रविवारी सकाळी आली ती कुरकुरतच. "मामा, ऱ्होडेट आणि इरिडेट, दोन्हीची रचना तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच. मग एक धातू आणि दुसरा इन्सुलेटर कसा?"

"आधी पोहे घे," म्हटलं. उत्तर लांबणार होतं.

दोन्हींचा साचा एकच: दोन स्ट्रॉन्शियम, चार ऑक्सिजन आणि एक धातू. त्या जागी एकात ऱ्होडियम, दुसऱ्यात इरिडियम. आवर्तसारणीत इरिडियम ऱ्होडियमच्या बरोबर खाली. ऑक्सिजनच्या अष्टफलकांचे थर सारखेच, त्यांचा पीळही जवळपास तेवढाच, 10-11 अंशांचा. धातूच्या बाहेरच्या डी कवचात दोन्हीकडे पाच इलेक्ट्रॉन. पुडीवरचं नाव पुसलं तर डोळ्यांनी ओळखणं कठीण (आमच्या वेळी एकदा पुसलं होतं, अख्खी दुपार गेली). चांदीच्या पेस्टने चार तारा चिकटवायच्या आणि पेलेट, म्हणजे पूड दाबून केलेली टिकडी, द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपर्यंत थंड करत न्यायची. ऱ्होडेटचा रोध उतरत जातो, इरिडेटचा चढत जातो.

पहिला संशय मॉटवर जातो. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टाळतात की जागच्या जागी अडकतात, तो मॉट इन्सुलेटर. पण इथे हिशेब उलटा पडतो. इरिडियमची 5डी कक्षा ऱ्होडियमच्या 4डीपेक्षा जास्त पसरलेली, म्हणजे इलेक्ट्रॉनांना फिरायला मोकळीक जास्त आणि आपसातलं प्रतिकर्षण कमी, साधारण 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्यावरच भागत असतं, तर अडकायला हवं होतं ऱ्होडेटने.

फरक पडतो तो केंद्रकाच्या वजनाने. ऱ्होडियमचा अणुअंक 45, इरिडियमचा 77. जड केंद्रकाजवळून इलेक्ट्रॉन फार वेगाने जातो आणि त्याचा स्पिन (त्याच्या अंगचं छोटं चुंबकत्व) त्याच्या कक्षेशी बांधला जातो. हेच स्पिन-ऑर्बिट कपलिंग. ऱ्होडियममध्ये ते 0.2 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत-बाहेर, इरिडियममध्ये 0.4 ते 0.5.

त्याने होतं काय? पंगत डोळ्यांसमोर आणा. घर म्हणजे धातूचा अणू, पाट म्हणजे इलेक्ट्रॉनाची जागा, माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन. प्रत्येक घरी सहा पाट, पाच माणसं. एक पाट रिकामा, त्यामुळे शेजारच्या घरी जाऊन बसायला कुणाचीच अडचण नाही. हा ऱ्होडेट. इरिडेटमध्ये स्पिन-ऑर्बिटने पंगतच तोडली: खाली चार पाट, वर दोन. खालचे चार भरले, वरच्या दोनांत एकटाच पाहुणा. आता शेजारी जायचं तर तिथेही वरती एक जण आधीच बसलेला. त्याच्याशी किरकोळ वाद असला तरी माणूस आपल्याच घरी थांबतो. 2008 मध्ये इरिडेटचं हे चित्र मांडलं गेलं.

म्हणूनच "स्पिन-ऑर्बिटमुळे इन्सुलेटर" हे वाक्य मला खटकतं. नुसत्या स्पिन-ऑर्बिटने वरची पंगत अर्धी भरलेलीच राहते, आणि अर्धी भरलेली पट्टी (इलेक्ट्रॉनांना मोकळ्या असलेल्या ऊर्जा-पातळ्यांचा पट्टा) धातूच असते. अडवतं ते प्रतिकर्षणच. स्पिन-ऑर्बिट फक्त ती पट्टी इतकी अरुंद करतं की थोडंसं प्रतिकर्षणही पुरतं. आणि ऱ्होडेटमध्ये ते नसतं असंही नाही, तोकडं पडतं एवढंच.

हे मोजायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच गावात राजा रामण्णा केंद्राचं इंडस-2 आहे, प्रखर क्ष-किरण देणारं सिंक्रोट्रॉन यंत्र. तिथल्यासारख्या क्ष-किरणांत इरिडियमच्या दोन शोषण-कडा (ज्या ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषले जातात त्या जागा) दिसतात, एक 11.2 आणि दुसरी 12.8 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला. स्पिन-ऑर्बिट नगण्य असेल, तर त्यांच्या शिखरांचं प्रमाण 2 च्या आसपास यावं. इरिडेटांत ते त्याहून बरंच मोठं येतं.

"आणि दोन्ही मिसळले तर?" पोह्यांवर शेव टाकत तिने विचारलं.

मिसळतात ना. इरिडेटचा चुंबकीय क्रम, म्हणजे स्पिनांची शिस्तबद्ध रांग, 240 केल्विनखाली असतो. इरिडियमच्या जागी साधारण सहावा हिस्सा ऱ्होडियम घातला, की तो क्रम नाहीसा होतो. पण त्याचं श्रेय लगेच दुबळ्या झालेल्या स्पिन-ऑर्बिटला देऊ नये. ऱ्होडियम शेजारच्या इरिडियमचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि वरचा तो एकटा पाहुणाही काही घरांतून उठून जातो.