पार्श्वभूमी : काळे ठिपके, पहिला घास आणि 120 तास

पावसाळ्यात एखाद्या मत्स्यबीज केंद्रावर गेलात, तर पांढऱ्या थाळीत ‘जिरे’ काढून दाखवतात. रोहू-कटल्याची तीन-चार दिवसांची पिल्ले, सहा-सात मिलिमीटर लांब, अंग पाण्यासारखे आणि त्यात दोन ठसठशीत काळे ठिपके. ते डोळे. अंडे फुटल्या फुटल्या हेच पिल्लू पाहिले तर ठिपके जवळपास नसतातच. पोटाखालची बलकाची पिशवी तेवढी नजरेत भरते. या दोन अवस्थांत माशाला काय काय जाणवायला लागते, याचा अभ्यास शंभरेक वर्षे चालू आहे. युरोपात तर पुढे त्याच्या आधाराने एक कायदेशीर रेघ ओढली गेली आणि तिच्यातला एक शब्द अजूनही घशातल्या काट्यासारखा टोचतो.

जुना इतिहास चटकन उरकतो. कॉडची अंडी पाण्यात तरंगतात हे 1864 मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ लक्षात आले. 1914 मध्ये त्याच देशातून एक कल्पना पुढे आली : बलक संपता संपता पहिला घास मिळाला नाही, तर पिल्ले घाऊक मरतात आणि पुढच्या काही वर्षांची मासेमारी तिथेच ठरून जाते. तेव्हापासून ‘पहिला घास’ या विषयाच्या मधोमध बसला, तो उठलाच नाही. घास घ्यायचा तर भक्ष्य दिसायला हवे, म्हणून डोळा आला. 1960 नंतर हेरिंग, प्लेस असे समुद्री मासे टाक्यांत वाढवू लागल्यावर त्यांच्या पिल्लांच्या डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले. दृष्टिपटलात सुरुवातीला फक्त भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी सापडल्या. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी बऱ्याच नंतर, पिल्लाचे रूप पालटायच्या सुमारास येतात. म्हणजे सुरुवातीला पिल्लू शिकार करते ती चांगल्या उजेडातच.

मग आला झेब्राफिश. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा पट्टेरी मासा 1822 मध्ये पुस्तकात नोंदला गेला होता, पण प्रयोगशाळेत त्याचा दबदबा सुरू झाला 1981 नंतर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून. 1996 मध्ये त्याच्या शेकडो उत्परिवर्तनांची यादी एकगठ्ठा छापली गेली आणि बाकीचे मासे मागे पडले. कारण सोपे : पिल्लू पारदर्शक, सगळे आरपार दिसते.

28.5 अंश सेल्सिअसला त्याचा क्रम असा लागतो. पहिल्या दिवसाच्या अखेरीला कानाच्या फुग्यात दोन बारीक खडे चमकतात, त्यांवर पुढे तोल सांभाळायचा असतो. त्याच सुमारास सुईने हलकेच टोकले तर अंड्यातल्या अंड्यात शेपूट वळते. दरम्यान कानामागून पेशींचा एक पुंजका निघतो आणि अंगाच्या कडेने शेपटीकडे सरकत जाताना वाटेत पाच-सहा ठिकाणी आपल्यातलेच छोटे गुच्छ ठेवून जातो. पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेखा ती हीच. दुसरा दिवस संपेपर्यंत हा प्रवास आटोपतो. (हे दृश्य एकदा तरी चित्रफितीत पाहावे, रुळांवर सामान उतरवत जाणारी मालगाडीच.) तिसऱ्या दिवशी अचानक अंधार केला तर पिल्लू दचकते, फिरत्या पट्ट्यांमागे डोळे फिरवू लागते. जिभेवरच्यासारख्या रुचिकलिका चौथ्या-पाचव्या दिवशी. पाचव्या दिवशी दोन्ही डोळे आत वळवून ते पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर झडप घालते. दंडपेशी नीट कामाला लागायला मात्र पंधरवडा उजाडतो.

आता तो शब्द. प्रयोगांतल्या प्राण्यांबद्दलच्या 1986 च्या युरोपीय निर्देशात संरक्षण होते ‘मुक्तजीवी’ लार्व्हांना, म्हणजे अंड्याबाहेर मोकळे जगणाऱ्या पिल्लांना; भ्रूण वगळलेले. झेब्राफिशच्या बाबतीत याचा अर्थ काय? एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतली भावंडे 48 ते 72 तासांत कधीही अंड्याबाहेर येतात. आधी बाहेर आलेले संरक्षित आणि शेजारचे अजून कवचात म्हणून मोकळे, हे विचित्रच. अभ्यासकांचेही आपसात एकमत नव्हते. कॅनडातला एक पक्ष सत्तरच्या दशकापासून सांगत होता की बाहेरचे अन्न सुरू होईपर्यंत पिल्लाला भ्रूणच म्हणावे, अंडे फुटले तरी. उलट 1995 मध्ये आलेल्या आणि आज सगळीकडे भिंतीवर टांगलेल्या अवस्था-तक्त्यात, कवच फुटो न फुटो, तिसऱ्या दिवसानंतर ‘लार्व्हा’. मराठीत तर वेगळीच पंचाईत : कोशात ‘डिंभ’, पाठ्यपुस्तकात ‘अळी’, तळ्यावर ‘जिरे’. अळी म्हटले की डोळ्यासमोर कोबीच येतो.

2010 च्या नव्या निर्देशात ‘मुक्तजीवी’ जाऊन ‘स्वतंत्रपणे अन्न घेणारे लार्व्हा’ आले. आकडा मूळ मजकुरात नव्हता. तो 2012 मध्ये, प्राण्यांची मोजदाद कशी करायची हे सांगणाऱ्या निर्णयाच्या परिशिष्टात आला : साधारण 28 अंशांवर वाढवलेला झेब्राफिश फलनानंतर पाच दिवसांनी मोजावा. म्हणजेच 120 तास. पुढच्याच वर्षी रसायनांची विषारीपणाची 96 तासांची भ्रूणचाचणी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. ती या रेघेच्या आत अलगद बसते. मोठे मासे मारून होणाऱ्या चाचण्या त्यामुळे टळू शकतात, ही बाजू खरी आणि वजनदार आहे.

तरीही रेघ तोंडावरून आखली, हे खटकते. पाचव्या दिवशी पिल्लू खाऊ शकते, पण खाल्लेच पाहिजे असे नाही. शिल्लक बलकावर आणखी एक-दोन दिवस निभतात. मग ‘स्वतंत्रपणे’ म्हणजे क्षमता की गरज? शिवाय स्पर्श पहिल्या दिवसाचा, नजर तिसऱ्या दिवसाची. यांतले काहीच रेघेच्या हिशेबात नाही. ट्राउटकडे पाहिले की विसंगती उघडी पडते. काश्मीर-हिमाचलच्या ट्राउट फार्मवाल्यांना ‘डोळे आलेली अंडी’ हा व्यापारी माल चांगला ठाऊक आहे. कवचातूनच काळे डोळे दिसतात आणि त्याच अवस्थेत अंडी प्रवासाला निघतात. हे पिल्लू बाहेर आल्यावर आठवडेच्या आठवडे बलकावर काढते. डोळे कधीचे तयार, घास मात्र लांब, आणि तोवर मोजदादीत त्याची गणती नाही.

तापमानाचा घोळ वेगळाच. झेब्राफिशला 25 अंशांवर ठेवले, तर 28.5 अंशांवरच्या 120 तासांची अवस्था गाठायला 150 च्या आसपास तास लागतात. परिशिष्टात अंशांचा उल्लेख आहे, पण शोधनिबंधांत पुष्कळदा नुसते तास तेवढे दिसतात.

भारतात अशी रेघ कायद्यात नाही. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. बीजकेंद्रावर मात्र 1957 पासून, म्हणजे कटकला संप्रेरकाची सुई टोचून कार्प माशांचे प्रजनन साधले तेव्हापासून, हळूहळू आपले वेगळे घड्याळ रुळले. अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात, पुढे तीनेक दिवसांत पिशवी आटते. थाळीत ठिपके काळे, पोट सपाट आणि पिल्ले आडवी पोहताना दिसली, की लाखाच्या हिशेबाने जिरे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत जाते.