रीफ टाकीचा तळ : वाळू की मोकळी काच

प्रवाळ आणि त्यांच्या सोबतीने राहणारे मासे, कोळंब्या, गोगलगाई पाळण्यासाठी उभारलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला रीफ टाकी म्हणतात. तिच्या तळाशी वाळू अंथरायची की काच मोकळीच ठेवायची, हे पाणी भरण्याआधी ठरवावे लागते. मोकळ्या तळाला या छंदातले लोक ‘बेअर बॉटम’ म्हणतात. माशांची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न शेवटी तळाशीच येते, आणि त्या घाणीचे पुढे काय होणार हे बरेचसे तळावर अवलंबून असते.

वाळूचा पक्ष जुना आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातला जीवजंतूंनी भरलेला खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते टाकी चालवत. पुढे जर्मनीत बर्लिन पद्धत रुजली. तिच्यात असाच जिवंत खडक, प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि प्रखर दिवे यांच्यावर भिस्त होती. वाळू अगदी थोडी, किंवा नाहीच. 1980 च्या दशकात मोनॅकोत जाँ जोबेर यांनी जाळीवर वाळूचा जाड थर रचून त्याच्याखाली पाण्याची पोकळी ठेवली. तिला ‘प्लेनम’ म्हणतात. 1990 च्या दशकात अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळी न ठेवता 10 ते 15 सेंटीमीटर बारीक वाळूचा थर देण्याचा आग्रह धरला. पुढे टूनेन आणि वी या संशोधकांनी दोन्ही रचना शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत प्लेनम असण्या-नसण्याने फारसा फरक पडलेला दिसत नाही.

जाड थरावरच्या एवढ्या विश्वासाचे कारण नायट्रेट. घाण कुजली की अमोनिया तयार होतो. प्राणवायूवर जगणारे जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. बहुतेक टाक्यांत गाडी इथेच अडते. वाळूत काही सेंटीमीटर खाली गेले की प्राणवायू संपतो. तिथले जीवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. हेच काम सच्छिद्र खडकाच्या गाभ्यातही चालते. म्हणून भरपूर चांगला खडक असलेल्या टाकीत वाळू नसली तरी पाणी बिघडत नाही.

पण थर जिवंत राहायचा तर त्यात राबणारे हात हवेत. छोटे कृमी, नॅसेरियस गोगलगाई, समुद्रकाकड्या वाळू सतत खालीवर करत असतात. अन्न टाकीत पडताच नॅसेरियसच्या सोंडा वाळूतून वर येतात आणि क्षणात साऱ्या गोगलगाई धावत सुटतात. थर निरोगी असल्याची ती साधी खूण. ॲस्ट्रोपेक्टेन नावाचा तारामासा मात्र ‘वाळू साफ करतो’ म्हणून विकला जातो आणि प्रत्यक्षात याच उपयोगी कृमींना खाऊन थर ओस पाडतो. लहान टाकीत तो बहुधा उपासमारीने मरतो. तो घेऊच नये.

थराकडे दुर्लक्ष झाले की घाण आत साचत जाते. ॲरॅगोनाइट, म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचीच जात असलेली कॅल्शियम कार्बोनेटची वाळू, फॉस्फेट धरून ठेवते आणि पुढे हळूहळू परत सोडते. खोल भागात लोहाच्या संयुगांचे काळे पट्टे दिसतात. तिथली वाळू उकरली तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू टाकीतल्या जिवांना विषारी आहे. जुनी वाळू एका दिवसात उपसून टाकण्याच्या घाईत चांगल्या चाललेल्या टाक्या बसल्या आहेत. काढायचीच असेल तर दर वेळी पाणी बदलताना एक छोटा पट्टा सायफनच्या नळीने थेट बादलीत ओढावा आणि पुढच्या पट्ट्याला काही दिवसांनी हात लावावा.

मोकळ्या तळाचा मोठा फायदा प्रवाहात आहे. ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना जोरदार, दिशा बदलणारे पाणी लागते. त्यासाठी ताशी टाकीच्या तीस-चाळीस पट पाणी फिरवणारे पंप लावले की बारीक वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग होतो आणि कण प्रवाळांवर बसतात. काच मोकळी असेल तर पंप हवे तेवढे चालवता येतात. घाण तरंगत राहते आणि स्किमरपर्यंत पोचते. खाली बसलेली सायफनने ओढता येते. प्रवाळांची शेती करणारे आणि नव्या माशांना वेगळे ठेवणारे लोक म्हणूनच मोकळा तळ वापरतात. काही महिन्यांनी काचेवर जांभळे-गुलाबी कोरलाइन शैवाळ पसरते आणि सुरुवातीचा उघडावाघडा तळ छान दिसू लागतो.

मात्र मोकळा तळ स्वतःहून स्वच्छ राहत नाही. खडकामागच्या कोपऱ्यात करडा गाळ जमतोच, आणि तो उचलणारा कुणी कृमी तिथे नसतो. ते काम माणसाने दर आठवड्याला करायचे. उलट टोकही आहे. फार उपसा झाला आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्याला टेकले तर प्रवाळ फिकट पडतात आणि तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात.

इतके सगळे मांडल्यावरही माझ्या मते निर्णय रसायनावर सोडू नये, आधी जिवांची यादी करावी. हॅलिकोअरस जातीचे रॅस मासे रात्री वाळूत झोपतात आणि घाबरले की त्यात सूर मारतात. काचेवर असा सूर मारणाऱ्या माशाचे तोंड सोलवटलेले दिसते. जॉफिशला बीळ हवेच. गोबी मासा आणि पिस्टल श्रिम्प ही कोळंबी यांची जोडी तर वाळूशिवाय समजतच नाही. कोळंबीची नजर अधू. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू ढकलत बीळ राखते आणि बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि पुढच्या क्षणी दोघे आत. हे एकदा पाहिलेला माणूस वाळूला नुसती सजावट म्हणणार नाही. ट्रॅकीफिलिया, फंगिया यांसारखे सुटे प्रवाळही निसर्गात वाळूवर बसतात. उलट टाकी फक्त ॲक्रोपोरासाठी असेल तर वाळूचा हट्ट कशाला?

वाळू घालायची ठरली तर सांभाळायला दोन ते पाच सेंटीमीटरचा थर सोपा. 120 बाय 60 सेंटीमीटरच्या तळाला पाच सेंटीमीटर थर देण्यासाठी 36 लिटर, म्हणजे साधारण 50 किलो वाळू लागते. आधी खडक थेट तळावर टेकवावेत, मग भोवती वाळू ओतावी. वाळूवर उभा केलेला खडक बीळ करणाऱ्या जिवाने पोखरला की कोसळतो, आणि काच तडकू शकते.

महाराष्ट्रातल्या शौकिनांनी किनाऱ्यावरून गोणभर वाळू आणण्याचा मोह टाळावा. आपल्या कोकण किनाऱ्याची वाळू बरीचशी सिलिकेटची असते. रत्नागिरीच्या बाजूला तिच्यात इल्मेनाइटचे काळे कण आढळतात. असे लोहयुक्त कण काच पुसण्याच्या चुंबकाला चिकटले की काचेवर ओरखडे ओढतात. लक्षद्वीपची पांढरी वाळू वेगळी : तिच्यात प्रवाळांचा चुरा आणि पोपटमाशांनी प्रवाळखडक कुरतडून टाकलेली भुकटी मोठ्या प्रमाणात असते. तीही उचलून आणायची नाही. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणचे प्रवाळ 1987 पासून सागरी अभयारण्याच्या क्षेत्रात येतात. समुद्रातून काढलेला जिवंत खडक घेण्याचाही म्हणूनच प्रश्न येत नाही. इथल्या टाक्या कोरड्या किंवा कृत्रिम खडकावर उभ्या राहायला हव्यात. असा खडक जीवाणूंनी भरायला महिने लागतात, आणि त्या काळात वाळूचा पातळ थर मदतीला येतो. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावात मात्र जाड थर नको. पंप थांबले तरी थरातले जीव प्राणवायू वापरतच राहतात आणि मासे गुदमरतात. बॅटरीवरचा हवापंप जवळ असावाच.

दोन्हींच्या मधली वाटही आहे. मुख्य टाकीचा तळ मोकळा ठेवून सम्पमधल्या, म्हणजे तिला जोडलेल्या दुसऱ्या टाकीतल्या, एका कप्प्यात वाळू आणि शैवाळ वाढवतात. रॅस पाळायचा असेल तर मोकळ्या तळावर, खडकाच्या आडोशाला, काचेच्या खोलगट भांड्यात आठ-दहा सेंटीमीटर बारीक वाळू भरून ठेवतात. संध्याकाळी दिवे मंद होऊ लागले की मासा त्या भांड्याभोवती एक-दोन फेऱ्या मारतो, अंग कलते करतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत वाळूत नाहीसा होतो.