भोंगा, शीव आणि झोंबी

‘वर्ल्ड वॉर झेड’ हा झोंबींचा, म्हणजे उठून धावणाऱ्या मुडद्यांचा सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित झाला तो शुक्रवार २१ जून २०१३ चा. हॉलिवूडच्या हिशेबात हा ऐन कमाईचा काळ. तिकडे शाळांना सुट्या लागतात आणि घरंच्या घरं सिनेमाला निघतात. आमच्याकडे त्या वेळी आर्द्रा लागायच्या बेतात असतात. कोणाची सरकी टोबून झालेली असते, कोणाची तिफण अजून वावरातच असते. पेरणीच्या त्या पंधरवड्यात विदर्भातल्या खेड्याचा माणूस सिनेमाला जात नाही, मग पडद्यावर कोणीही असो. त्यामुळे जगभर गाजावाजा झालेला हा सिनेमा आमच्या गावात पोचला तो उशिरा, पोस्टरशिवाय, हिंदी बोलत आणि पोट्ट्यांच्या मोबाईलमधल्या मेमरी कार्डात बसून.

जाहिरात पोचली नाही, पण सिनेमा पोचला. तो बघून लोकांनी मनात जे ठेवलं, ते जाहिरात करणाऱ्यांनी पुढे केलेलं नव्हतं. असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी त्या सिनेमाची गोष्ट. मॅक्स ब्रुक्स यांच्या २००६ च्या कादंबरीवर तो बेतलेला, दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर, नायक आणि एक निर्माता ब्रॅड पिट. प्रदर्शनाची मूळ तारीख डिसेंबर २०१२ ची होती. चित्रीकरण उरकल्यावर लक्षात आलं की शेवट जमलेला नाही. रशियात घडणारी मोठी लढाई बाजूला काढून शेवटचा भाग नव्याने लिहिला गेला, पुन्हा चित्रित झाला आणि तारीख सहा महिने पुढे गेली. खर्च १९ कोटी डॉलरच्या घरात गेला. सिनेमा यायच्या आधीच तो बुडणार अशी चर्चा छापून यायला लागली. मग पिट स्वतः बाहेर पडला. लंडनचा प्रीमियर झाला, आणि अमेरिकेत खास खेळ चालू असताना तो अचानक प्रेक्षकांसमोर जाऊन उभा राहिला. ट्रेलरमध्ये एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं: जेरुसलेमच्या उंच भिंतीवर मुंग्यांसारखी एकमेकांच्या अंगावर चढत जाणारी मेलेली माणसं. (ते जेरुसलेम माल्टा बेटावर उभं केलेलं होतं.) जाहिरात फळली. सिनेमाने जगभरात ५४ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. कादंबरीचे वाचक मात्र नाराज राहिले. पुस्तकात जगभरच्या वाचलेल्या माणसांच्या आठवणी आहेत आणि त्यातले झोंबी पाय ओढत चालतात. सिनेमात एकच नायक, आणि झोंबी धावतात.

झोंबी हा शब्द हैतीचा. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथल्या उसाच्या मळ्यांत राबत. मरण आलं तरी सुटका नाही, कोणीतरी प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही भीती त्या शब्दाच्या पोटात आहे. दुसऱ्याच्या रानात उभा जन्म काढलेल्या माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९३२ मध्ये ‘व्हाइट झोंबी’ने तो शब्द पडद्यावर आणला. आज आपण ओळखतो तो माणसं खाणारा घोळका मात्र जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासूनचा. खर्च जेमतेम सव्वा लाख डॉलर, आणि अख्ख्या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. वितरकाने नाव बदलताना कॉपीराइटच्या हक्काची ओळ छापायची राहून गेली, म्हणून तो सिनेमा कोणालाही फुकट दाखवता यायला लागला आणि गावोगाव पोचला. पुढे २००२ च्या सुमारास यात विषाणू आला. प्रेत उठण्याऐवजी रोग पसरायला लागला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हेच मोठं वळण, आणि आमच्या भागापुरतं तर सगळ्यात महत्त्वाचं.

आता इकडची बाजू.

सिनेमाच्या धंद्यात विदर्भाला अजूनही ‘सीपी-बेरार’ म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत १९५० मध्ये नावापुरताही उरला नाही. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र जुना नकाशा तसाच राहिला. अमरावती आणि भुसावळ इथून रिळांच्या पेट्या सुटायच्या आणि त्यांत मुख्यतः हिंदी सिनेमे असायचे. म्हणून आमच्याकडे घरात वऱ्हाडी नाहीतर झाडी बोली आणि पडद्यावर हिंदी, हे कधीच कोणाला खटकलं नाही. इंग्रजी सिनेमा हिंदीत बोलायला लागला तेव्हा त्याच वाटेने तो आत आला. १९९४ मध्ये डायनासोर हिंदी बोलले आणि तालुक्याच्या टॉकीजपुढे बैलगाड्या सुटल्या, हे सांगणारे लोक आजही भेटतात.

पण टॉकीज तालुक्याला. गावाला सिनेमा यायचा तो जत्रेत. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराच्या वर चालते. हंडीतलं मटण, रोडगे, तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीजचे तंबू अशी तिची जुनी ओळख. तंबूत सतरंजीही नसायची. घरून बोंदरी न्यायची, मातीवर अंथरायची. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या. रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या. दिवसा मात्र साऱ्यांत मोठं काम भोंग्याचं. सायकलरिक्षाच्या दांडीला सुतळीने बांधलेला, कडेचा रंग उडालेला तो भोंगा बाजारातून फिरायचा. आत बसलेला माणूस एका हाताने माईक तोंडाशी धरायचा, दुसऱ्याने गुलाबी-पिवळ्या कागदाची पत्रकं उधळायचा. “आज रात्री ठीक नऊ वाजता” यातला ‘ठीक’ तो इतका लांबवायचा, की पोरं दिवसभर तेवढाच शब्द ओरडत हिंडायची. सिनेमा कसा आहे हे त्या आवाजावरून ठरायचं. भुताचा असला तर आवाज खाली यायचा, मध्येच थांबायचा.

झाडीपट्टीत हे अजून जिवंत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीने आहेत. तिथल्या नाटकाची जाहिरात आजही गाडीवरच्या भोंग्यावरून होते, आणि लोक मैलोन्‌मैल येतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या प्रसिद्धी करणाऱ्यांनी एकदा येऊन हे बघावं, असं मला मनापासून वाटतं. माणूस माणसाला हाक मारतो, एवढीच ती जाहिरात असते.

ऐंशीच्या दशकात रामसे बंधूंचे भूतपट आले, मग गणपतीत आणि शारदा उत्सवात भाड्याने आणलेला व्हिडिओ, मग केबल, मग मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन भरून घेतलेलं मेमरी कार्ड. २०१६ मध्ये जिओ आल्यावर कार्डही गेलं. या प्रत्येक टप्प्यावर जाहिरात थोडी थोडी गळत गेली. शेवटी उरलं फक्त एका पोट्ट्याचं दुसऱ्याला सांगणं: “पाहून घे, भल्ला हाय.”

आमच्याकडे भुतांची वानवा नव्हती. पिंपळावर मुंजा आहे, विहिरीपाशी हडळ आहे, रात्री वावरातून येताना चकवा लागतो. पण यातल्या प्रत्येकाला ठिकाण आहे आणि बहुतेकांना गाऱ्हाणं आहे. मुंजाची सोडमुंज राहिली, हडळीचा बाळंतपणात जीव गेला. काय राहून गेलं ते शोधलं की वाट निघते, अशी समजूत. झोंबीला गाऱ्हाणंच नाही. तो कोणाच्या घरचा होता हे त्यालाही ठाऊक नाही. म्हणून माझ्या आजीच्या वयाच्या बायांनी जेव्हा हा प्रकार टीव्हीवर पाहिला, तेव्हा त्यांनी त्याला भूत म्हटलंच नाही. त्या म्हणाल्या, “हे तं मरी हाय.”

मरी म्हणजे पटकी, कॉलरा. तिची देवी मरीमाय, गावाच्या कडेला तिचं ठाणं. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडून यायचा, ही जुनी रीत. पोळ्याला दारात पळसाचे मेढे लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच मेढे उचलून गावाबाहेर टाकायचे आणि ओरडायचं, “इडा पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!” नागपुरात त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, १८८० च्या दशकापासून. मिरवून झाल्यावर त्यांना जाळतात. संकट बाहेरून येतं, ते शिवेवर अडवायचं, आत आलं तर पुन्हा शिवेबाहेर घालवायचं. विषाणूचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून ही समजूत इथे आहे. धावता झोंबी आणि उंच भिंत आमच्याकडे परकी वाटली नाही ती त्यामुळे.

मराठीत झोंबी आला तो २६ जानेवारी २०२२ ला, आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’तून. कोरोनामुळे त्याचं प्रदर्शन लांबलं होतं, आणि आला तेव्हाही राज्यातल्या सिनेमागृहांत निम्म्याच खुर्च्या विकता येत होत्या. त्यातलं संकट डोंबिवलीतल्या पाण्यातून येतं, आणि पाणी कोणाला मिळतं, कोणाला नाही, हा त्याचा खरा विषय. त्याची प्रसिद्धी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला समोर ठेवून झाली, हे समजण्यासारखं आहे. पण अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्यातलं पाणी वेगळ्या अर्थाने पोचतं. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारट लागतं, आणि किडनीचा आजार लोक त्या पाण्याशी जोडतात. तिथल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी हा सिनेमा वर्गातल्या मोठ्या मुलांना सांगितला, दाखवला नाही. पाण्याची गोष्ट आली तेव्हा मुलं गप्प झाली, असं ते म्हणाले. हा सिनेमा इथल्या भोंग्यावर फिरायला हवा होता.

‘वर्ल्ड वॉर झेड’च्या त्या गाजलेल्या दृश्यात एक गोष्ट ट्रेलर बघून नीट कळत नाही. झोंबी भिंत चढतात ते आवाजामुळे. आत सुखरूप पोचलेले लोक आनंदाने गायला लागतात, कोणीतरी माईक हातात घेतं, कर्णा कर्कश ओरडतो, आणि बाहेर शांत पडलेला घोळका जागा होतो. म्हणजे भिंत पडते ती भोंग्यापायी.

माझ्या मामेभावाला हे २०२० च्या मे महिन्यात कळलं. पुण्याची कंपनी बंद पडली, तो ट्रकमध्ये बसून गावाकडे आला. शिवेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, त्यांच्यामागे बैलगाडी आडवी. ज्यांच्याबरोबर तो लहानपणी विट्टी-दांडू खेळला, तेच काठ्या घेऊन उभे. गावात यायला मिळालं, पण घरी जाता आलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस. व्हरांड्यात सतरंजी टाकून त्याने तोच जुना सिनेमा पुन्हा लावला, सात वर्षांपूर्वी मित्रांसोबत हसत पाहिलेला. भिंतीचं दृश्य चालू असताना ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू झाला: बाहेरगावाहून आलेल्या लोकांपासून लांब राहा, कोणी लपून आलं असेल तर कळवा. त्याने मोबाईल उलटा ठेवून दिला. “दादा,” तो मला नंतर म्हणाला, “मले पहिल्यांदा समजलं का मी भिंतीच्या कोन्या बाजूले हावो.”

त्याचा डबा आजी आणून द्यायची. फाटकाच्या बाहेर दगडावर ठेवायची आणि दहा हातांवर कडुलिंबाखाली बसून राहायची. वेळ जावा म्हणून त्याने तिथूनच तिला सिनेमाचा शेवट सांगितला. झोंबी आजारी माणसाला शिवत नाहीत, हे नायकाच्या ध्यानात येतं. मग तो स्वतःच एक रोग टोचून घेतो आणि घोळक्यातून सरळ चालत जातो, कोणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. हाच तो नव्याने लिहून पुन्हा चित्रित केलेला शेवट, ज्यासाठी एवढा पैसा आणि सहा महिने गेले. मोठ्या लढाईऐवजी असा शांत शेवट कशाला, असं म्हणणारे प्रेक्षक तेव्हा होते.

आजीने ऐकून घेतलं. मग लुगड्याचा पदर बाजूला करून चोळीची बाही वर सरकवली. दंडावर देवीच्या लशीचे दोन वण, रुपयाएवढे, कडा सुरकुतलेल्या.

“देवी काढल्या म्हना ना मंग,” ती म्हणाली. “मी लायनी होती. देवी काढनारा आला तं पोट्टे कडब्यात लपले. माह्या मायनं मले धरून आनलं.” आणि मग डब्याकडे बोट करून, “खाय आता, भाकर निवते.”