आवडत्या बँडची पहिली ओळख

आवडत्या बँडची पहिली ओळख : पुढे ज्याचा नाद लागणार असतो तो बँड श्रोत्यापर्यंत पहिल्यांदा पोचण्याची प्रक्रिया, आणि त्या प्रसंगाची श्रोता नंतर सांगतो ती हकीकत. दोन चाहते भेटले की थोड्याच वेळात प्रश्न निघतो : तू यांना पहिल्यांदा कुठे ऐकलंस? उत्तरात रेडिओ येतो, थोरला भाऊ येतो, मैत्रिणीने भरून दिलेली कॅसेट, चित्रपटातला एखादा प्रसंग, व्हिडिओ गेममध्ये मागे वाजणारे गाणे, काहीही येते. या हकीकती नीट ऐकल्या तर त्यांत दोन निराळ्या घटना एकमेकींत मिसळलेल्या दिसतात : गाणे कानावर पडणे आणि ते कोणाचे हे कळणे. गाणे आवडायला पहिली घटना पुरते. चाहता व्हायला मात्र दुसरी लागतेच, कारण नाव ठाऊक नसेल तर त्या बँडचे दुसरे गाणे शोधणार कसे? या दोन घटनांमध्ये कधी काही सेकंद जातात, कधी कित्येक वर्षे. ओळख करून देणाऱ्या साधनांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हे अंतर आटत जाण्याचा इतिहास.

रेडिओ आणि हुकलेले नाव

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेकांना बँड भेटले ते रेडिओवर. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात बीबीसीने ध्वनिमुद्रित संगीत किती तास वाजवावे यावर करारांनी मर्यादा घातलेली होती. नवे बँड ऐकायचे तर तरुण मंडळी रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावत, आणि मार्च १९६४ पासून किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या जहाजावरून चालणारे रेडिओ कॅरोलाइन. लक्झेंबर्गचे प्रक्षेपण मध्यम लहरींवरून लांबून येई. आवाज चढे, उतरे, मध्येच पार बुडे. निवेदक नाव सांगतो आहे आणि नेमका त्याच क्षणी आवाज बुडाला, की श्रोता पुढच्या रात्रीपर्यंत लटकलेला. स्पष्ट ऐकू येणाऱ्या केंद्रांवरही घोळ होताच : काही निवेदक नाव गाण्याआधी सांगत, काही नंतर, तर काही तीन-चार गाणी सलग वाजवून सगळी नावे एका दमात म्हणून टाकत. मध्येच रेडिओ लावणाऱ्याच्या हाती सूर लागे, पण नाव लागत नसे.

म्हणून चांगल्या निवेदकाला फार मोल होते. बीबीसीच्या रेडिओ १ वर १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्यक्रम करणारे जॉन पील हे यातले सर्वांत मोठे नाव. ज्यांच्याकडे दुसरे कोणी ढुंकून पाहत नसे अशा बँडना त्यांनी वेळ दिला, आणि वेळ दिला म्हणजे एकदा वाजवून सोडून दिले असे नाही. १९७८ मध्ये डेरी शहरातल्या अंडरटोन्स या बँडचे एक गाणे त्यांना इतके आवडले की त्यांनी ते एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले. त्यांच्या या लहरीमागे नकळत चोख मानसशास्त्र होते. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा समोर आल्यानेच ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ च्या शोधनिबंधात मांडले होते. पहिल्याच ऐकण्यात वेड लागल्याच्या हकीकती चाहते रंगवून सांगतात खऱ्या; पण कितीतरी बँड पहिल्यांदा कंटाळवाणे वाटलेले, दुसऱ्यांदा बरे आणि पाचव्यांदा आपले झालेले असतात. हकीकतीत पहिली चार ऐकणी गाळली जातात.

नाव हुकल्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण जर्मनीतले आहे. १९८४ च्या सुमारास तिथल्या एका किशोराने एनडीआर या नभोवाणीवरून काही गाणी कॅसेटवर उतरवून घेतली. कॅसेट स्वच्छ व्हावी म्हणून तो निवेदकाचे बोलणे कटाक्षाने वगळी. गाणी नीट आली, पण त्यांतल्या एका गाण्याबरोबर बँडचे नावही वगळले गेले. २००७ मध्ये त्या गाण्याचा एक तुकडा इंटरनेटवर टाकण्यात आला. पुढे हजारो लोक त्याच्या मागे लागले, जुन्या कार्यक्रमांच्या याद्या चाळल्या गेल्या, उच्चारावरून गायक कुठला असेल यावर वाद झडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उलगडा झाला : बँड कील शहरातला, नाव फेक्स. आपले एक जुने गाणे जगभर शोधले जात आहे याची खुद्द बँडच्या माणसांना गंधवार्ता नव्हती. शोधणाऱ्यांपैकी अनेकजण तोवर या बँडचे पक्के चाहते झालेले होते. बँड कोणता, एवढेच काय ते त्यांना ठाऊक नव्हते.

हातातून हातात

रेडिओइतकीच जुनी आणि माझ्या मते त्याहून जोरकस वाट म्हणजे माणूस. थोरल्या भावंडाच्या खोलीतून भिंतीपलीकडे ऐकू येणारा अल्बम, वर्गातल्या एखाद्या मुलाने न विचारता दिलेली कॅसेट, आपल्याला ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते त्याच्या सदऱ्यावर छापलेले नाव. इथे नाव आणि सूर बरोबरच येतात. कित्येकदा नावच आधी येते आणि गाणे मागाहून. शिफारस करणाऱ्याबद्दल जो आदर वा जे आकर्षण असते ते बँडच्या खात्यावर जमा होते. म्हणूनच अशा ओळखीतून मिळालेला बँड, मैत्री तुटल्यावरही, ऐकताना त्या माणसासकट ऐकावा लागतो.

तबकड्यांच्या काळात काखेत धरलेला अल्बम ही एक उघड पाटीच होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर कीथ रिचर्ड्स यांनी लहानपणीच्या ओळखीतल्या मिक जॅगर यांच्याजवळ चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या पाहिल्या, आणि बोलणे सुरू झाले. त्या बोलण्यातून पुढे रोलिंग स्टोन्स उभा राहिला. एकही सूर न ऐकता, केवळ वेष्टण पाहून समोरच्याची आवड कळण्याची ही सोय कानांत बसणाऱ्या हेडफोनने नाहीशी केली. गंमत अशी की १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन खाचा होत्या, म्हणजे दोघांना एकच कॅसेट ऐकता यावी.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने ओळख करून देण्याचे काम घराघरांत नेले. निरनिराळ्या बँडची गाणी निवडून, क्रम लावून कोणासाठी तरी भरलेली कॅसेट, म्हणजे मिक्सटेप, ही शिफारशीची सर्वांत कष्टाची तऱ्हा. गाणे जेवढ्या लांबीचे तेवढाच वेळ ते उतरवायला लागे. बाजू संपत आली की उरलेल्या फितीत मावेल असे छोटे गाणे शोधावे लागे, नाहीतर शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटे. आणि घेणाऱ्याच्या डोक्यात ते कायमचे तसेच तुटके बसे. नावे हाताने पातळ कागदी पट्टीवर लिहिलेली असत. ती पट्टी हरवली किंवा अक्षर लागले नाही, की पुन्हा तोच जुना पेच.

हेवी मेटलच्या चाहत्यांनी तर टपालाने कॅसेटी पाठवण्याचे जाळेच विणले होते. मेटालिकाची १९८२ ची नमुना कॅसेट, बँडचा पहिला अल्बम निघण्याआधीच, अशा देवाणघेवाणीतून दूरदूर पोचली. प्रत काढून प्रत काढली की दर खेपेला खरखर वाढे, त्यामुळे अनेकांनी त्या बँडचा पहिला आवाज ऐकला तो पडद्याआडून यावा तसा. ध्वनिमुद्रण व्यवसायाला हे मुळीच मानवले नाही. घरगुती कॅसेटी संगीताचा जीव घेत आहेत, अशी मोहीम ब्रिटनमधल्या कंपन्यांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी चालवली. ग्रेटफुल डेडने उलट केले : १९८४ पासून कार्यक्रमात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच राखून ठेवली. कोणाचा हिशेब बरोबर होता हे त्या बँडच्या गर्दीने दाखवले. नियतकालिकांनीही कॅसेटचा मार्ग धरला. ब्रिटिश साप्ताहिक एनएमईने १९८६ मध्ये काढलेल्या सी८६ या कॅसेटमध्ये २२ बँड होते, आणि पुढे त्या धाटणीच्या संगीतालाच लोक सी८६ म्हणू लागले.

रंगमंच आणि पडदा

मोठ्या बँडच्या कार्यक्रमात आधी वाजवणारा छोटा बँड ऐकून त्याचेच होऊन जाणे, ही चाहत्यांची लाडकी हकीकत आहे. प्रत्यक्षात हे जमतेच असे नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मंकीज या बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायला जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स होता. मंकीजच्या कोवळ्या चाहत्यांना तो आवाज झेपेना, आपल्या लाडक्या गायकाच्या नावाचा गजर चालू राही, आणि मोजक्याच कार्यक्रमांनंतर हेंड्रिक्स दौऱ्यातून बाहेर पडले. तिथल्या किती जणांनी पुढे आयुष्यभर ‘मी त्यांना तेव्हाच ऐकलं होतं’ असे सांगितले असेल, याची कल्पना करायला हरकत नाही.

दूरचित्रवाणीने एकाच वेळी कोट्यवधींची ओळख करून दिली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्स वाजले ते सुमारे ७.३ कोटी लोकांनी पाहिले. १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्हीने वेगळीच उलथापालथ केली. वाहिनीला दिवसरात्र व्हिडिओ हवे होते आणि तयार व्हिडिओ ब्रिटिश बँडकडे जास्त होते, म्हणून अमेरिकी रेडिओ ज्यांना विचारत नव्हता असे ड्युरान ड्युरानसारखे बँड तिथल्या घराघरांत शिरले. व्हिडिओच्या सुरुवातीला व शेवटी कोपऱ्यात बँडचे, गाण्याचे, अल्बमचे नाव झळके. रेडिओने तोवर कधी न दिलेली ही सोय होती. चित्रपटांची गोष्ट अशी की ते जुना बँड नव्या पिढीला नवा म्हणून देतात. क्वीनचे १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटातल्या मोटारीतल्या प्रसंगामुळे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले, पहिल्या वेळेपेक्षा वर. त्या वर्षी जे क्वीनचे चाहते झाले त्यांना फ्रेडी मर्क्युरी आधीच्याच नोव्हेंबरात वारल्याचे कित्येकदा नंतर कळले.

नाव फुकट झाले

१९९९ मध्ये आलेल्या नॅप्स्टर या, संगणकातल्या फाइली एकमेकांना देण्याच्या सेवेने गाणी हवी तेवढी दिली, पण नावांचा बट्ट्याबोळ केला. फाइलला नाव कोणीही द्यावे अशी मुभा होती. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे बॉबी मॅकफेरिन यांचे १९८८ चे गाणे बॉब मार्ली यांच्या नावावर इतके फिरले की आजही अनेकांना ते त्यांचेच वाटते; मार्ली १९८१ मध्येच निवर्तले होते. चुकीच्या नावाने आवडलेल्या गाण्यामागून एखाद्या बँडच्या अल्बमांत शिरणे आणि तिथे ते गाणे न सापडता दुसरेच काही आवडणे, ही त्या वर्षांची खास ओळख.

२००२ मध्ये ब्रिटनमध्ये शझाम सुरू झाले. तेव्हा ते अ‍ॅप नव्हते : २५८० हा क्रमांक लावून फोन गाण्याच्या दिशेने धरायचा, थोड्या वेळाने नाव संदेशात येई. गाणे ऐकणे आणि नाव कळणे यांतले अंतर इथे खऱ्या अर्थाने मिटले. पुढचे टप्पे ओळख आपणहून दारी आणण्याचे होते. लास्ट.एफएम या संकेतस्थळाने श्रोता काय ऐकतो याची नोंद ठेवून त्याच्यासारखे ऐकणाऱ्यांशी सांगड घातली. स्पॉटिफाय जुलै २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येकाला ३० गाण्यांची वेगळी यादी देऊ लागले. मधल्या काळात आर्क्टिक मंकीजने कार्यक्रमांत फुकट वाटलेल्या सीडी चाहत्यांनीच इंटरनेटवर चढवल्या, आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांहून अधिक खपला.

आता नाव सतत पडद्यावर असते, पण पाहतो कोण? एकामागून एक आपोआप वाजणाऱ्या यादीत आवडलेल्या गाण्यावर अंगठा टेकवून पुढे जाणारा श्रोता वर्षभर एकाच बँडची तीन गाणी ऐकतो आणि ती एकाच बँडची आहेत हे त्याच्या गावीही नसते. तंत्राने मिटवलेले अंतर दुर्लक्षाने पुन्हा पडले आहे.

आवड आपली की गर्दीची, याचाही तपास झालेला आहे. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये १४,३४१ जणांना अपरिचित बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी काय उतरवून घेतले ते दिसत होते, काहींना नाही. आणि दिसणाऱ्यांचे आठ गट एकमेकांपासून वेगळे ठेवलेले होते. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे काय होईल ते मात्र गटागटागणिक बदलले.

वय आणि आठवण

बहुतेकांना जन्मभराचे बँड पौगंडावस्थेत ते ऐन तारुण्यात भेटतात. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात आवडीचा कळस २३–२४ व्या वर्षाच्या गाण्यांवर आढळला. स्पॉटिफायच्या आकडेवारीवरच्या २०१८ च्या विश्लेषणात तो १३–१४ व्या वर्षावर आला. दोन्ही आकडे गाणे निघाले तेव्हाचे श्रोत्याचे वय सांगतात, ते त्याच्या कानावर कधी पडले ते नव्हे. बँड फुटल्यानंतर वीस वर्षांनी त्याचा चाहता झालेला श्रोता या मोजणीत बसत नाही, आणि असे श्रोते थोडेथोडके नाहीत.

क्रुमहान्सल आणि झुप्निक यांना २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांच्या आठवणींत स्वतःच्या काळाखेरीज आणखी दोन उंचवटे दिसले : एक आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांचा, दुसरा १९६० च्या दशकातल्या गाण्यांचा. ही ओळख कोणी मुद्दाम करून दिलेली नसते. घरात वाजत असते, मूल वाढत असते. अशा बँडबद्दल ‘पहिल्यांदा कुठे ऐकलंस’ या प्रश्नाला उत्तर नसतेच, आणि चाहते ते नाइलाजाने रचून देतात.

डेट्रॉइटच्या डेथ या बँडच्या बाबतीत हे अगदी उलटे घडले. तिघा हॅकनी भावांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर केलेली ध्वनिमुद्रणे तेव्हा जवळपास कोणी ऐकली नाहीत, आणि बँडची गोष्ट घरातही मागे पडली. तीस वर्षांनी त्यांची एकुलती एक छोटी तबकडी संग्राहकांमध्ये फिरू लागली, तेव्हा बॉबी हॅकनी यांच्या मुलांना बाहेरून कळले की लोक ज्या बँडबद्दल बोलत आहेत त्यात गाणारा आवाज आपल्या वडिलांचा आहे. मुलांनी ती गाणी वाजवायला रफ फ्रान्सिस नावाचा बँड काढला, आणि डेथचा अल्बम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.